जुनी गिअरची सायकल ऑफिसला आणि घाटात नेण्याजोगी करताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी असलेली सव्वीस इंची एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) किंवा कुणीतरी विकायला काढलेली हायब्रिड (एमटीबी आणि रोड बाइक यांच्या मधली) नीट तयार केली, तर रोज ऑफिसला नेता येते आणि तिच्यावर दिवसभराची लांब राइडही होते. तरी बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात. हात चालत नाहीत म्हणून नव्हे, तर कामांचा क्रम उलटा लागतो म्हणून. आधी नवे टायर, मग लाइट, मग जेलची सीट आणि शेवटी गिअर लागत नाहीत म्हणून मिस्त्रीकडे. तिथे कळतं की मागच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, कोन (छर्ऱ्यांवर टेकणारा शंकूसारखा नट) खाल्ला गेलाय आणि चाकच डुलतंय.

ब्रेकचं रबर रिमच्या भरवशावर बसतं, रिम हबच्या आणि हब बेअरिंगच्या. खालचं ढिलं असताना वरचं कितीही नीट लावलं तरी दोन दिवसांत बिघडतं. म्हणून क्रम असा: फ्रेम, बेअरिंग, चाकं, ब्रेक, चेन आणि गिअर, बसण्याचं माप, आणि सगळ्यात शेवटी सामान-सजावट.

इथे गृहीत धरलेली सायकल साधी आहे: स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची फ्रेम, रिमवर लागणारे ब्रेक, मागे सहा-सात चकत्या, पुढे तीन. जुनी कार्बन फ्रेम किंवा मागे-पुढे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल या कामासाठी घेऊच नका. दुरुस्तीचा खर्च मूळ किमतीच्या पुढे जातो आणि कार्बनमधली चीर नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही.

१. घेण्याआधी: फ्रेम पास की नापास

बाकी सगळं बदलता येतं, फ्रेम नाही. त्यामुळे रंग आणि गिअरची संख्या बाजूला ठेवून आधी फ्रेमकडे बघा.

उजेडात उभं राहून फडक्याने चार जागा पुसा: हँडलखालच्या नळीला तिरकी नळी जिथे जोडली आहे त्याची खालची बाजू, सीटखालचा जोड, पेडलच्या अक्षाभोवतीचे (दोन्ही क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, ज्यावर फिरतात तो अक्ष) जोड, आणि मागचं चाक जिथे बसतं ते दोन्ही कान. रंगाला केसासारखी रेघ असेल तर नखाने तपासा. नख अडकलं, तर रंगाखाली धातूही चिरला असण्याची शक्यता धरा. तिरक्या नळीवर हँडलजवळ रंगाला सुरकुत्या पडलेल्या असतील तर सायकल समोरून कुठेतरी आदळलेली आहे. ॲल्युमिनियम फ्रेमला चीर किंवा बाक असेल तर ती सोडून द्या, वेल्डिंग करून घेण्याच्या फंदात पडू नका. स्टीलची फ्रेम चांगला वेल्डर जोडू शकतो, पण दुसरी सायकल मिळत असताना तो व्याप कशाला?

फ्रेम सरळ आहे का हे बघायला दोरा पुरतो. मागच्या एका कानाला दोरा बांधा, तो पुढे नेऊन हँडलखालच्या नळीभोवती वळवा आणि दुसऱ्या कानाला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर पट्टीने मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. पाच-सहाचा असेल तर मागचा भाग वाकलेला आहे आणि गिअर कधीच शांत लागणार नाहीत.

सीटचा पिलर वर-खाली होतोय का, हे पैसे देण्याआधीच बघा. वर्षानुवर्षं पावसात उभ्या राहिलेल्या सायकलीत पिलर नळीतच जाम होतो. मुंबईत आणि कोकणात हे फार दिसतं. तो निघाला नाही तर उंची तुमच्या मापाची करता येणार नाही, मग बाकी सगळं काम व्यर्थ.

मापाची ढोबळ चाचणी: पुढच्या आडव्या दांड्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहा. दांडा आणि तुमच्यामध्ये तीन-चार बोटं तरी जागा हवी. लहान फ्रेम पिलर वर काढून थोडीफार सांभाळता येते. मोठी फ्रेम कशानेच लहान होत नाही.

*सावधान:* पेडलच्या अक्षाखाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो. तो घासून काढलेला दिसला तर सायकल घेऊ नका. मूळ बिल नसेल तर विकणाऱ्याकडून तो नंबर लिहिलेली सही-तारखेची पावती घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारातून घ्या नाहीतर शेजाऱ्याकडून, हा नियम मोडू नका.

*तपासणी:* सायकलच्या किमतीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला आहे का? नसेल तर स्वस्तातली सायकल घ्या, दुरुस्ती स्वस्तातली करू नका.

२. सुट्टं करण्याआधी

हत्यारं मोजकीच लागतात: ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, ८ ते १७ पर्यंतचे पाने, कोनसाठी पातळ पाने, स्पोकची चावी, चेन तोडायचं हत्यार, क्रँक पुलर आणि तुमच्या फ्रीव्हीलच्या (मागच्या चकत्यांचा संच) खाचांना बसेल असा पुलर. शेवटची दोन हत्यारं वर्षातून एखादवेळी लागतात, त्यामुळे ओळखीच्या सायकलवाल्याकडे जाऊन तेवढंच काम करून घेतलं तरी चालेल. ग्रीसचा डबा, केरोसीन किंवा डिझेल, जुने टूथब्रश आणि भरपूर सुती चिंध्या जवळ ठेवा.

उघडण्याआधी सगळ्या जोडांचे मोबाइलवर फोटो काढा. केबल कुठून कशी फिरवलीय, ब्रेकच्या रबराला कोणता वायसर कोणत्या बाजूला आहे, हे चार दिवसांनी आठवत नाही.

धुताना गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा जोराचा फवारा वापरू नका. पाणी हबमध्ये आणि पेडलच्या अक्षात शिरतं, ग्रीस धुऊन काढतं आणि आत गंज सुरू होतो. बादली, साबण आणि फडकं पुरे.

दोन ठिकाणी आटे उलटे असतात आणि तिथेच सगळ्यात जास्त भाग तुटतात. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. लक्षात ठेवायला सोपं: पाना पेडलवर उभा धरा आणि वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंची पेडल अशीच सुटतात. बसवताना वरचं टोक पुढच्या चाकाकडे. दुसरं ठिकाण पेडलच्या अक्षाचा उजवा कप, म्हणजे चेनच्या बाजूचा. तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. निघत नाही म्हणून नळी लावून उलट्या दिशेने जोर केला, तर फ्रेमचे आटे जातात.

३. बेअरिंग: हब, पेडलचा अक्ष, हँडल

या कामाचा फोटो काढून कुणाला दाखवता येत नाही, म्हणून ते सर्रास टाळलं जातं. पण जुनी सायकल जड चालते त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

चाक उचलून ॲक्सल बोटांनी फिरवा. खरखर जाणवली किंवा अडखळून फिरला तर हब उघडायचं. मागचा हब उघडण्याआधी फ्रीव्हील काढून घ्या. पायांच्या जोराने ते रोज घट्ट होत गेलेलं असतं, त्यामुळे पुलर शिकंज्यात धरून चाकच स्टिअरिंगसारखं फिरवावं लागतं. छर्रे खाली सांडू नयेत म्हणून चाकाखाली थाळी ठेवा. साधारणपणे मागच्या हबमध्ये दर बाजूला पाव इंची ९ छर्रे असतात आणि पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची १०. तरी काढतानाच मोजून घ्या. एका जरी छर्ऱ्यावर ठिपके दिसले तरी सगळे बदला, नवे-जुने मिसळू नका. कोनच्या घासल्या गेलेल्या पट्ट्यावर खड्डे असतील तर कोनही नवा. आणि हबच्या कपमध्येच खड्डे असतील तर त्या हबवर आणखी खर्च करू नका, पूर्ण चाकच बदलणं स्वस्त पडतं.

नवं ग्रीस भरपूर भरा, छर्रे बसवा, कोन हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग लॉकनट आवळा. इथे गंमत अशी की लॉकनट आवळताना कोनही थोडा सरकतो. म्हणून तीन-चारदा मागेपुढे करावं लागतं, त्याला इलाज नाही. क्विक रिलीजचं चाक असेल तर हातात धरल्यावर किंचित प्ले (सैलपणा) राहू द्या. फ्रेममध्ये लावून लिव्हर बंद केल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. हातात असतानाच प्ले शून्य केला, तर लिव्हर बंद झाल्यावर कोन दाबले जातात आणि लवकर खातात.

पेडलच्या अक्षासाठी: चेन काढा आणि क्रँक धरून आडवा हलवा. हलला, तर आधी क्रँकचा बोल्ट घट्ट आहे का ते बघा, दोष तिथेच असू शकतो. ढिल्या क्रँकवर चालवत राहिल्यास क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग तो कितीही आवळला तरी टिकत नाही. आत सीलबंद काडतूस असेल तर ते उघडायच्या भानगडीत न पडता मापाचं नवं बसवा. माप घेताना नळीची रुंदी आणि अक्षाची लांबी ही दोन्ही लिहून न्या. लांबी चुकली तर पुढची दातेरी चाकं मागच्या चकत्यांच्या रेषेत येत नाहीत.

हँडलसाठी: पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडल नव्वद अंशात वळवा आणि सायकल पुढेमागे ढकला. हँडलखालच्या कपापाशी बोट ठेवा, टकटक जाणवली तर प्ले आहे. नव्या पद्धतीच्या, म्हणजे वर टोपी असलेल्या हँडलमध्ये चूक ठरलेली: लोक स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) आडवे बोल्ट घट्ट ठेवूनच वरची टोपी आवळतात. त्याने काहीही होत नाही, फार तर टोपी फुटते. आधी आडवे बोल्ट सैल करायचे, मग टोपी आवळून प्ले घालवायचा, हँडल चाकाच्या रेषेत आणायचं आणि शेवटी आडवे बोल्ट आवळायचे.

*तपासणी:* पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि सायकल किंचित कलती करा. हँडल आपल्या वजनाने वळलं पाहिजे. मध्ये अडकून थांबत असेल तर जास्त आवळलं गेलंय, किंवा कपमध्ये खड्डे पडलेत.

४. चाकं: आऊट काढणं, रिम, टायर

आधी रिम ठेवण्यासारखी आहे का ते ठरवा. ॲल्युमिनियमच्या रिमवर ब्रेक घासतो त्या पट्ट्यावर पट्टी धरा. खाली वाटीसारखा खोलगटपणा दिसला तर रिम संपली, हवेच्या दाबाने तिची कड फुटू शकते. क्रोमचा मुलामा दिलेली स्टीलची रिम असेल तर ती कितीही चमकत असली तरी रोजच्या वापरासाठी बदलाच. ओल्या स्टीलवर रबर पकडतच नाही. जून ते सप्टेंबर आपण कुठे राहतो ते आठवा.

आऊट काढायला, म्हणजे डुलणारं चाक सरळ करायला, सायकल उलटी करा आणि ब्रेकचं रबर मोजपट्टीसारखं वापरा. रिम उजवीकडे सरकली असेल तिथले डावे स्पोक पाव वळसा घट्ट करा, उजवे पाव वळसा सैल. टायरच्या बाजूने निपलकडे (स्पोकच्या टोकाचा नट) बघितलं तर घड्याळाच्या दिशेने घट्ट होतं. हबच्या बाजूने बघणाऱ्यांचं इथेच उलटं होतं. एकाच जागी दोन वळसे देऊन टाकण्यापेक्षा चाकाच्या चार फेऱ्या करा. मागच्या चाकाचे उजवे स्पोक डाव्यांपेक्षा जास्त ताणलेले असतातच, फ्रीव्हीलमुळे ती रचनाच तशी आहे. दोन्ही बाजू सारख्या करायला जाऊ नका, रिम एका बाजूला जाईल. एकाच बाजूचे स्पोक बोटाने छेडून बघा, साधारण एकच सूर यायला हवा. एखादा भद्द वाजला तर तो सैल आहे.

मागचे तीन-चार स्पोक पाठोपाठ तुटलेले असतील तर सुटे स्पोक घालत बसू नका. बाकीचेही थकलेले असतात आणि पुढचा बरोबर गावापासून चाळीस किलोमीटरवर तुटतो. पूर्ण चाक नव्या स्पोकने बांधून घ्या. हे काम जुन्या, अनुभवी मिस्त्रीकडेच द्या.

टायर घेताना इंचावर जाऊ नका. टायरच्या कडेला ४०-५५९ किंवा ३२-६२२ असा आकडा असतो, त्यातला दुसरा रिमचं खरं माप सांगतो. 'सव्वीस इंची' म्हणून दोन वेगळी मापं बाजारात आहेत: एमटीबीची ५५९ आणि २६ गुणिले १ ३/८ वाल्या साध्या सायकलची ५९०. तसंच काळ्या दूधवाल्या सायकलची 'अठ्ठावीस इंची' रिम ६३५ची असते, हायब्रिडची ६२२. एकावर दुसरं बसत नाही. दुकानदार 'बसवून देतो' म्हणाला तरी नाही.

डांबरी रस्त्यासाठी एमटीबीचे गुट्टेवाले टायर काढून गुळगुळीत दीड इंची, म्हणजे ४०-५५९ चे लावा. या एका बदलाइतका फरक दुसरा कोणताच खर्च देत नाही. हायब्रिडला ३२ ते ३५ मिमी पुरे. सत्तरेक किलोच्या माणसाने दीड इंची टायरमध्ये ५० ते ६० पीएसआय ठेवावेत, मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त. टायरच्या कडेला छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. हायवेवर वेग मिळावा म्हणून अगदी बारीक टायर लावण्याचा मोह होतो, पण आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि रम्बलर बघता तो आवरलेला बरा.

*सावधान:* नवा टायर चढवण्याआधी रिमची पट्टी (रिमच्या आत स्पोकची टोकं झाकणारी) बघा. ट्यूबला आतल्या बाजूने, म्हणजे स्पोककडून भोक पडत असेल तर दोष पट्टीचा आहे. दोन समांतर भोकं पडली तर हवा कमी होती. बाहेरच्या बाजूने पडलं तर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. बाभळीच्या काट्याचं टोक आतच मोडून राहतं आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

५. ब्रेक

चाक सरळ झाल्याशिवाय हा टप्पा सुरू करू नका.

जुन्या केबल आणि त्यांचं आवरण दोन्ही नवीन घ्या. खर्च किरकोळ आहे. मात्र ब्रेकचं आवरण आणि गिअरचं आवरण वेगळं असतं. ब्रेकच्या आवरणात तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, गिअरच्या आवरणात तारा सरळ, लांबीत असतात. गिअरचं आवरण ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबताना ते फाटू शकतं. आवरण कापल्यावर आतली नळी दबलेली असते, ती टोचणीने उघडा आणि टोकाला टोपी लावा.

रबराचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर पॉलिश पेपरने घासा. कडक पडला असेल तर बदला. रबर रिमला समांतर हवं, टायरला कुठेही न शिवणारं, आणि त्याची पुढची कड मागच्यापेक्षा अंदाजे एक मिलिमीटर आधी टेकणारी. ब्रेक किंचाळतो तो बहुधा एवढ्यानेच थांबतो. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये.

इथेच एक मोह आवरायला सांगतो. एमटीबीला वाकडं ड्रॉप हँडल लावून तिची रोड बाइक करायची कल्पना पुष्कळांना सुचते. एमटीबीच्या व्ही-ब्रेकला जास्त केबल ओढणारी लिव्हर लागते, रोडच्या नेहमीच्या लिव्हर तेवढी ओढत नाहीत. परिणामी ब्रेक लागल्यासारखा वाटतो आणि घाटात लागत नाही. शिवाय एमटीबीची फ्रेम मुळात लांब, तिला ड्रॉप हँडल लावलं की हात आणखी पुढे जातात. हाताची जागा बदलायला मिळावी एवढाच हेतू असेल तर सरळ हँडलच्या टोकांना शिंगं बसवा.

*तपासणी:* पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकला, चाक घसटत यायला हवं. यात नापास झालेली सायकल गेटबाहेर नेऊ नका.

६. चेन आणि गिअर

चेनचं माप पट्टीने घ्या. एका पिनवर शून्य धरा. बारा इंचांवर बरोबर पिन आली तर चेन ठीक. १/१६ इंच पुढे गेली तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर मागचं फ्रीव्हीलही झिजलेलं समजा. झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन लावली तर जोर दिल्याबरोबर ती दात सोडून उडते आणि लोक दोष गिअरला देतात. अशा वेळी दोन्ही एकदम बदलायचं. चेन ६-७-८ स्पीडची मागा. साध्या सायकलची जाड चेन गिअरच्या सायकलला चालत नाही.

लांबी ठरवताना नवी चेन गिअरच्या यंत्रातून (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारं) न घालता, पुढच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चाकावरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून फिरवा. टोकं जुळतात तिथून एक इंच, म्हणजे दोन कड्या जास्त ठेवा. आखूड चेन मोठ्या-मोठ्या जोडीवर गेली तर मागचं यंत्र उपटून काढते.

आता घाटाचा हिशेब. सव्वीस इंची चाक दीड इंची टायरसह एका फेरीत सुमारे दोन मीटर जातं. पुढे २८ दात, मागे २८ दात, आणि पाय मिनिटाला ६० फेऱ्या करत असतील तर वेग ताशी ७.२ किलोमीटर. मागे ३४ची चकती असेल तर तीच पायगती ताशी सहाच्या आसपास पडते. खंबाटकी किंवा पसरणी चढताना सामान लादलेल्या माणसाला हाच फरक हवा असतो, कारण त्याहून हळू जायचं म्हणजे पायांची गती पडते आणि गुडघ्यांवर जोर येतो. म्हणून १४-२८ चं फ्रीव्हील बदलायची वेळ आलीच असेल तर १४-३४ घ्या. फक्त मागचं यंत्र लांब पिंजऱ्याचं (दोन छोट्या चकत्या धरणारा भाग लांब असलेलं) आहे का आणि ३४ दात झेपतात का, हे आधी बघा. पुढचं मोठं दातेरी चाक बदलून 'टॉप स्पीड' वाढवण्याच्या मागे लागू नका. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांबे, चहा, पंक्चर सगळं धरून ताशी पंधराच्या आतली सरासरी पुरते.

गिअर लावायचा क्रम असा, आणि यात पायऱ्या गाळता येत नाहीत:

१. मागून बघा. गिअरच्या यंत्राच्या दोन छोट्या चकत्या मोठ्या चकत्यांच्या खाली सरळ रेषेत आहेत का? तिरक्या दिसल्या तर यंत्र ज्या कानाला टांगलंय तो वाकलाय. आधी तो सरळ करून घ्या. स्टीलचा कान सरळ करता येतो, ॲल्युमिनियमचा सुटा कान बदलणं बरं.

२. केबल सोडवा. यंत्र आपोआप सगळ्यात छोट्या चकतीखाली येईल. 'एच' लिहिलेल्या स्क्रूने ते त्या चकतीच्या बरोबर खाली आणा.

३. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवा, केबलच्या टोकाची फिरवायची गुंडी पूर्ण आत घेऊन एक-दोन फेऱ्या बाहेर काढा, केबल हाताने ताणा आणि आवळा.

४. शिफ्टर एक टप्पा दाबा. चेन दुसऱ्या चकतीवर गेली नाही तर गुंडी बाहेर फिरवून ताण वाढवा. तिसरीला घासत असेल तर कमी करा. पाव वळशाने फरक पडतो.

५. 'एल' स्क्रू. सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन नेऊन हाताने यंत्र आणखी आत ढकलून बघा. ते स्पोकच्या दिशेने सरकता कामा नये.

*सावधान:* 'एल' सैल राहिला तर चेन चकती ओलांडून स्पोकमध्ये पडते. तेही घाटात, उभं राहून जोर देताना, कारण तोच गिअर तेव्हा लावलेला असतो. चाक जागच्या जागी जाम होतं.

गिअर बिघडले की लोक हाताला येईल तो स्क्रू फिरवतात. रोजच्या वापरात बिघडतो तो केबलचा ताण. एच आणि एल एकदा लागले की त्यांना हात लावायचं कारण नसतं.

तेल चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूने. दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं पुसून काढा. चिकट राहिलेलं तेल धूळ धरतं आणि ती धूळच चेन खाते. डब्ल्यूडी-४० चा साधा फवारा गंज सोडवायला चांगला, पण चेनचं तेल म्हणून तो टिकत नाही.

७. बसण्याचं माप

गुडघेदुखीची बरीच प्रकरणं इथे मिटतात. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, एक पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे पेडलच्या अक्षाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. ७८ सेंटिमीटर माप असेल तर अंदाजे ६९. ही सुरुवात. पुढे अर्ध्या सेंटिमीटरच्या टप्प्याने बदलत बघा. गुडघा समोरून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर.

बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत ही सवय सोडावी लागते. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं.

*सावधान:* पिलरवर किमान आत राहण्याची रेघ असते. ती नळीबाहेर दिसत असेल तर लांब पिलर आणा. पिलर बसवताना ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वर्षी निघेल.

सीट सपाट ठेवा, नाक खाली केलं की सगळा भार हातांवर येतो. जाड जेलची रुंद सीट पहिले पाच किलोमीटर छान वाटते, चाळीसनंतर मांड्या सोलते.

८. सामान, मडगार्ड, लाइट

कॅरियर फ्रेमच्या भोकांना बसणारं घ्या. नुसत्या पिलरला पकडणारं लॅपटॉपच्या बॅगेने हळूहळू फिरतं. पाठीवरची बॅग मागे गेली की घामाचा अर्धा प्रश्न सुटतो. बाजूच्या बॅगा लावल्यावर टाच लागत नाही ना, हे पेडल पूर्ण फिरवून बघा. लवचिक दोऱ्याचं मोकळं टोक कधीही लोंबतं ठेवू नका.

मडगार्ड पूर्ण लांबीचे हवेत, पुढच्याला खाली रबरी झालर असली तर बूट आणि चेन दोन्ही वाचतात. चिखलाचा विचार करून टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा सोडा. जाड साइड स्टँड ॲल्युमिनियमच्या मागच्या नळीला शिकंज्यासारखा आवळून लावू नका, नळी चेपते. मागे दोन लाल लाइट लावा, एक बंद पडला तरी दुसरा असतो, आणि एक तरी स्थिर ठेवा. सतत लुकलुकणाऱ्या दिव्यावरून मागच्या ट्रकवाल्याला अंतर कळत नाही.

स्वस्त एमटीबीचा पुढचा शॉकअप जड असतो आणि चढावर तुमचा जोर खातो. बदलायचा असेल तर शॉकअप नसलेला साधा चिमटा (पुढचं चाक धरणारा) तितक्याच उंचीचा घ्या. आखूड लावला तर हँडल खाली जातं आणि सायकल वळणात चंचल होते.

९. चाचणी राइड आणि दुसरी फेरी

पहिल्या दिवशी घराजवळच फिरा, हत्यारं खिशात ठेवून. मग एका रविवारी रिकाम्या रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर, त्यात एक तरी चढ-उतार असलेला. पुणेकरांना कात्रजचा जुना घाट आहेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला परवानगी नाही, तिकडे जायचं तर जुना महामार्ग. ऑफिसच्या बॅगेइतकं वजन या राइडला लादूनच न्या, रिकाम्या सायकलीची चाचणी म्हणजे अर्धीच चाचणी.

पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये नव्या केबल बसतात, स्पोक सैलावतात आणि क्रँकचे बोल्ट थोडे हलतात. हे बिघडणं नव्हे, पण दुसरी फेरी केली नाही तर बिघाड होतो. म्हणून शंभरच्या आसपास परत बसा आणि याच क्रमाने जा: क्रँक आणि कोन, स्पोक, ब्रेकची केबल, गिअरची गुंडी, कॅरियरचे स्क्रू. कॅरियरचे स्क्रू दर महिन्याला आवळा, खड्ड्यांनी सगळ्यात आधी तेच गळतात.

लांब राइडला सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, पॅच, दोन टायर लिव्हर, लहान पंप, ॲलन की, चेन तोडायचं हत्यार, चेन जोडायचं एक लॉक आणि मागच्या गिअरची सुटी केबल असू द्या. पंप तुमच्या वॉल्व्हला बसतो का हे घरीच बघा. पेट्रोल पंपावरची हवा गाडीसारख्या जाड वॉल्व्हलाच थेट भरता येते, बारीक वॉल्व्हला जोडणी लागते. ती दहा-वीस रुपयांची जोडणी वॉल्व्हवरच फिरवून ठेवा.